साडेसहा तासांची खेप

गाडी फाटकातून बाहेर पडली की वेळ लिहायची. परत आली की वेळ लिहायची. मधल्या वेळात ती कुठे गेली, काय टाकलं, किती किलोमीटर पडले, तेही लिहायचं. एकोणीस वर्षं मी हेच केलं. लोक विचारतात, नोकरी कसली होती? मी सांगतो, बांधकामाच्या मालाच्या दुकानात होतो. सिमेंट, सळई, विटा, वाळू. एवढं ऐकलं की समोरचा माणूस लगेच त्याच्या गच्चीला ओल कुठून येते ते सांगायला लागतो. मला त्यातलं काडीचं कळत नाही. मी माल पाहिला तो गाडीच्या पाठीवर, ताडपत्रीखाली, फाटकातून जाताना. मला कळतात त्या फक्त वेळा.

त्या हजारो वेळांपैकी एक वेळ अशी आहे की तिच्यामुळे एका माणसाच्या हातातली गाडी गेली. ती माझ्या अक्षरात लिहिलेली आहे. आता गुडघे कुरकुरतात, दुपारी आडवं पडलं तरी झोप येत नाही, आणि नको त्या वेळी ती नोंद डोळ्यांपुढे येते. एकदाची लिहून काढावी म्हणून बसलोय, बाकी हौस काही नाही.

आमचं दुकान आणि मागचं आवार नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे, आडगावच्या बाजूला. नव्वद सालानंतर नाशिक असं काही सुटलं होतं की विचारू नका. काल जिथे मेथीचे वाफे होते तिथे आज चुन्याच्या रेघा दिसायच्या. ज्या मळेवाल्यांच्या पाटीतली कोथिंबीर आमच्या घरात यायची, तेच लोक आमच्या दुकानात येऊन सळईची चौकशी करायचे. इंदिरानगर, म्हसरूळ, सातपूर, पाथर्डी फाटा, सगळीकडून मागणी. आमच्या गाड्या सात. त्यांना नंबरच पडले होते. एक नंबर, दोन नंबर, असं करत सात नंबर. ड्रायव्हरही त्याच नंबराने ओळखले जायचे.

गाड्या नीट चालतात की नाही हे ठरवायची शेठची एक रीत होती. सकाळी आवारात यायचे, प्रत्येक गाडीच्या टायरला चपलेचा अंगठा लावायचे, ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहायचे आणि आत जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं, त्यांना सगळं कळतं. काही कळत नव्हतं. दोन नंबरचा ड्रायव्हर देवळाली कॅम्पला माल टाकायला गेला की सासुरवाडीला जेवून, वामकुक्षी घेऊन यायचा, आणि शेठ म्हणायचे, कॅम्पचा रस्ता फार वाईट आहे बिचाऱ्याला. मला हे सहन होईना. मी स्वतःहून एक जाड वही आणली, रेघा मारल्या, आणि फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसून वेळा लिहायला लागलो. महिन्याभरात दोन नंबरची सासुरवाडी उघडी पडली. शेठ माझ्यावर खूश, आणि मी वहीवर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्याला धाकट्या शेठला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण वही माझी होती.

तीन नंबरची गाडी मामांची. मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. पन्नाशी ओलांडलेला ड्रायव्हर, म्हणून सगळेच मामा म्हणायचे. माणूस इगतपुरी तालुक्यातला, घोटीच्या पलीकडच्या एका वाडीचा. बारीक अंगाचा, बोलायला कमी. गाडी अशी चालवायचे की मागे बसलेल्या हमालाच्या हातातला चहा सांडू नये. आल्यावर चावी स्वतःच्या हाताने खिळ्याला अडकवायचे आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "वेळ लिवा, भाऊ." बाकीचे ड्रायव्हर वेळ लिहिताना माझ्याशी पाच-दहा मिनिटांवरून हुज्जत घालायचे. मामांनी मनगटावर कधी घड्याळसुद्धा बांधलं नाही.

या मामांना आमच्या गिऱ्हाइकांत एक वेगळाच मान होता. गंगापूर रोडला एका प्राध्यापकांच्या बंगल्याला सिमेंटची पहिली गाडी मामांनी नेली. ते घर विनातक्रार, ठरल्या वेळेत उभं राहिलं. आता घर ठरल्या वेळेत उभं राहणं ही मुळातच अफवा वाटावी अशी गोष्ट, त्यामुळे ती पसरली. प्राध्यापकांनी शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने मेहुण्याला. माणसाचा पायगुण चांगला आहे, पहिली खेप त्याच्याच हातची हवी, असं लोक म्हणायला लागले. आमच्याकडे खेप म्हणजे गाडीची एक फेरी. मग त्याला नाव पडलं, मुहूर्ताची खेप.

मुहूर्ताच्या खेपेला नुसता माल टाकून चालत नाही. गाडी प्लॉटच्या तोंडाशी उभी करायची. घरची बाई बॉनेटला हळदीकुंकू लावणार, चाकापुढे नारळ फुटणार, गुरुजींचं आटोपलं की पहिली गोणी ड्रायव्हरने स्वतः खांद्यावरून उतरवून ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवायची. मग त्याला टॉवेल-टोपी, पेढा, चहा, आणि कुणाकुणाचा जेवायचा आग्रह. दोन तास कुठे गेले नाहीत. गुरुजींचा उशीर झाला तर तीन.

शेठना हे फार आवडायचं. दुसरी चार दुकानं सोडून लोक मामांसाठी आमच्याकडे यायचे. कुणाला मुहूर्ताची गाडी हवी असली की शेठ आतून ओरडायचे, "तीन नंबर लाव रे!" आणि मी लावायचो. कोणती गाडी कुठे जाणार हे रोज सकाळी मीच ठरवत होतो. महिन्याला आठ-दहा मुहूर्त यायचे, ते सगळे मी तीन नंबरला द्यायचो, आणि ती परत आली की त्याच हाताने उशीर लिहायचो. यात काही चुकतंय असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही. वहीत लिहिलेलं कुणी वाचतच नव्हतं, तेव्हा वाटण्याचं कारणही नव्हतं.

मग शेठचा मुलगा, म्हणजे धाकटे शेठ, आले. पुण्याला शिकून आले होते. मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगतो. कुणाला टाकून बोलला नाही, स्वतः उन्हात उभा राहून गाड्या भरताना बघायचा. त्याने पहिल्या आठवड्यात माझी वही मागितली आणि रात्रभर वाचली म्हणे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काका, तुम्ही इथे सोनं ठेवलंय नुसतं पडून." मला इतका आनंद झाला की मी बायकोलाही सांगितलं. कौतुक झालं की मी आंधळा होतो, ही माझी जुनी खोड आहे.

कॉम्प्युटर आला. माझ्या वह्या त्यात गेल्या आणि बाहेर आली ती एक यादी. दिवसाला किती खेपा, गाडी सरासरी किती वेळ बाहेर, लिटरला किती किलोमीटर. फाटकाशी एक पांढरा फळा लागला. दर शनिवारी त्यावर सात नंबर, वरून खाली. सगळ्यात वर असेल त्याला टाळ्या. सगळ्यात खाली तीन नंबर. पहिल्या शनिवारी तीन, दुसऱ्या शनिवारी तीन, महिना झाला तरी तीन. मामांना वाचता येत होतं. ते फळ्यासमोर उभे राहायचे, बिडी संपवायचे आणि गाडीकडे जायचे.

ड्रायव्हर मंडळी काही बावळट नव्हती. फळा कशाने हलतो हे त्यांना पंधरा दिवसांत उमगलं. जवळची साइट मिळावी म्हणून सकाळी सहापासून माझ्या खिडकीशी गर्दी. गोण्या आत नेऊन थप्पी लावायची ते सोडून रस्त्याच्या कडेला फेकून गाडी पळवायची. गोण्या फुटायच्या, मग गिऱ्हाइकाचा फोन, मग शिव्या. त्या शिव्या खायला मी होतोच. फुटलेल्या गोणीसाठी यादीत रकाना नव्हता, आणि मामांच्या गाडीची गोणी वर्षाकाठी एखादीसुद्धा फुटायची नाही. मी धाकट्या शेठला दोनदा म्हटलं, तीन नंबरचं काम जरा वेगळं आहे. तो म्हणाला, "लिहून द्या ना काका, आपण बघू." मी हो म्हणालो आणि लिहायचं राहून गेलं. दिवसभर तेच तेच लिहून हात असा शिणायचा की घरी जाऊन पेन नको वाटायचं.

त्याच वर्षी माझ्या घराचं ठरलं. पाथर्डी फाट्याच्या आत एक प्लॉट आम्ही कधीचा घेऊन ठेवला होता. भाड्याच्या दोन खोल्यांत पंधरा वर्षं काढलेली, बायकोला आता धीर धरवत नव्हता. मीही थकलो होतो. रोज लोकांच्या घरांचा माल मोजायचा आणि आपण पत्र्याखाली झोपायचं, हे कधीतरी फार लागतं. जोत्याचं काम सुरू करायचा मुहूर्त निघाला तो गुरुवारचा. बायको म्हणाली, "गाडी मामांचीच पाहिजे. एवढी वर्षं लोकांना देता, आपल्याला नको?"

अडचण एवढीच की धाकट्या शेठने नवा नियम केला होता. नोकरमाणसांच्या घरकामाला गाडी रविवारीच मिळेल, कामाच्या दिवशी नाही. नियम योग्य होता. मी स्वतः त्याला मान डोलावली होती, कारण याआधी लोकांनी गाड्या बारशापासून लग्नापर्यंत सगळ्याला नेल्या होत्या. मोडला तर काय, हेही त्याने सांगितलं होतं. तिथल्या तिथे घरी. आता मुहूर्त रविवारी हलवायचा म्हटलं तर बायको म्हणाली, पंचांग काय तुमच्या धाकट्या शेठने छापलंय? मी सोपा मार्ग काढला. नोंदीत पार्टी म्हणून मेहुण्याचं नाव टाकलं, पत्ता नुसता पाथर्डी फाटा. शेठकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, नातेवाइकाचं काम आहे म्हणून. साडेनऊला तीन नंबर फाटकातून बाहेर काढली, वेळ लिहिली, बाकीच्या वेळा वॉचमनला टिपायला सांगितल्या आणि स्कूटरवरून मागोमाग निघालो.

मुहूर्त अकराचा. गुरुजी पंचवटीतले, त्यांना त्या दिवशी आणखी दोन ठिकाणं होती. सिंहस्थ तोंडावर आलेला, निम्मं शहर उकरून ठेवलेलं. अकरा वाजले, बारा वाजले. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते. मी म्हटलं, मामा, गोण्या उतरवून टाकू, तुम्ही निघा, पूजा नंतर करू. ते म्हणाले, "तसं नसतं भाऊ. बायांनी वाट बघितलीय." गुरुजी आले तेव्हा दीड वाजायला पाच मिनिटं होती. घड्याळ बघून म्हणाले, दीडला राहुकाळ लागतोय, आता तीनलाच करू. मला घाम फुटला. बायकोने मात्र पदर खोचला आणि झाडाखाली पिठलं-भाकरी वाढायला घेतली. मामा जेवले. दुसऱ्या कुठल्या मुहूर्ताला ते कधी जेवायला थांबले नव्हते, गूळ-पाणी घेऊन निघायचे. आमच्याकडे जेवले.

तीन वाजता नारळ फुटला. मामांनी गोणी खांद्यावर घेतली, ईशान्येला नेऊन बाळाला पाळण्यात ठेवावं तशी ठेवली, आणि दोन्ही हात जोडले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. चार वाजता तीन नंबर आवारात परत आली, मागोमाग मी. मामा खिडकीशी आले आणि म्हणाले, "वेळ लिवा, भाऊ."

मी लिहिली. जाणं साडेनऊ, येणं चार. साडेसहा तास. दोन तास कमी लिहिले असते तर कुणी विचारलं नसतं. पण वहीत वेळ खोटी लिहायची नाही हा माझा बाणा होता. पार्टीचं नाव खोटं लिहिताना तो कुठे गेला होता, हे मला विचारू नका.

वर्ष संपलं. धाकट्या शेठने ठरवलं की सातांच्या सहा गाड्या करायच्या. सगळ्यात मागे असेल ती विकायची, तिच्या ड्रायव्हरला मोकळं करायचं. मला आठवडाभर आधी सांगितलं, कारण आकडे मीच घेऊन बसायचो. आता मात्र मला झोप लागेना. त्या आठवड्यात मी शेवटी बसलो आणि जे वर्षभर लिहायचं राहिलं होतं ते एका कागदावर लिहिलं. मुहूर्ताच्या खेपा बाजूला काढल्या आणि उरलेल्या खेपांवर सगळ्यांची सरासरी नव्याने मांडली. तीन नंबर खालून वर आली ती थेट दुसऱ्या जागेवर. मी तीनदा पडताळून पाहिलं. दुसऱ्या जागेवरच. कागदाची घडी करून मी शर्टाच्या खिशात घातली आणि सोमवारी आत गेलो.

धाकटे शेठ छापलेली यादी बघत होते. शेठ शेजारी डोळे मिटून बसलेले, त्यांची तब्येत तेव्हा ढासळायला लागली होती. मी खिशाकडे हात नेला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात धाकट्या शेठचं बोट यादीवर एका ठिकाणी थांबलं.

"काका, हे काय आहे? पाथर्डी फाटा, सिमेंट, साडेसहा तास? इथून जायला अर्धा तास लागत नाही. वर्षातली सगळ्यात मोठी नोंद आहे ही."

कागद काढला असता तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता. मुहूर्ताची खेप होती, बरं, मुहूर्त कोणाचा? या पार्टीच्या नावाची दुसरी एकही खेप कशी नाही? मेहुण्याला फोन करायला त्याला दोन मिनिटं लागली असती. माझ्या डोळ्यांपुढे अर्धवट जोतं आलं, कर्जाच्या कागदावरची सही आली, बायको आली. माझा हात खिशावरून खाली आला.

"बघावं लागेल," मी म्हणालो.

"राहू द्या, मी उद्या त्यांनाच विचारतो," तो म्हणाला.

कागद खिशातच राहिला. केबिनमध्ये येऊन मी पाणी प्यायलो आणि सहा नंबरची वेळ लिहिली. इतकं साधं होतं ते. भ्यालेला माणूस धावत-बिवत नाही, तो आपलं रोजचं काम करत बसतो.

दुसऱ्या दिवशी मामांना आत बोलावलं. मी फाटकाशी. आतून आवाज आला नाही, दहा-बारा मिनिटांत मामा बाहेर आले. मला वाटत होतं, सांगितलं असेल त्यांनी. खरं तर मनात कुठेतरी मी तेच मागत होतो, की त्यांनी सांगावं आणि माझं काय व्हायचं ते एकदाचं होऊन जावं. पण कुणी मला बोलावलं नाही. मामांनी चावी खिळ्याला न अडकवता माझ्या हातात दिली.

"आत्ता वेळ लिवायची नाय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. गाडीतला त्यांचा डबा, टॉवेल आणि काचेसमोरची देवाची तसबीर त्यांनी पिशवीत घातली, आणि द्वारकेच्या दिशेने चालत गेले. घोटीची गाडी तिथून मिळायची.

संध्याकाळी यादी माझ्याकडे परत आली. त्या नोंदीसमोर धाकट्या शेठच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, इंजिन गरम झालं, गाडी उभी ठेवली. मी ते वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग थोडा रागही आला. वाटलं, बघा, अंगाशी आलं तेव्हा मामांनीही थाप मारलीच की स्वतःला वाचवायला. म्हणजे आम्ही दोघं सारखेच. या विचाराने मला कितीतरी दिवस आधार दिला, हे सांगताना आज जीभ अडखळते.

गाडी विकली गेली. मुहूर्तासाठी लोक यायचे, मामा नाहीत म्हटल्यावर तोंड पाडायचे, काही परत जायचे. धाकट्या शेठच्याही ते नंतर लक्षात आलं. त्याने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, यादीत कारणाचा रकाना हवा होता. त्याने लगेच घातला. भला माणूस, सांगितलं की करायचा.

आमचं घर पुढच्या वैशाखात पूर्ण झालं. विनातक्रार, ठरल्या वेळेत. वास्तुशांतीच्या आधी बायकोने विचारलं, "मामांना सांगितलंत ना?" मी म्हटलं, निरोप पाठवलाय. पंगती उठल्या, पाहुणे गेले, तिने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. एक ताट तिने झाकून ठेवलं होतं. मग संध्याकाळी ते गाईला घातलं. तिने पुन्हा विषय काढला नाही आणि मीही नाही.

चार-पाच वर्षं गेली. आमच्या दुकानाची एक शाखा घोटीला काढायचं चाललं होतं, जागा बघायला मला पाठवलं. बाजारपेठेत भाताच्या गिरणीपुढे एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या पाठीवरून एक बारीक माणूस तांदळाची पोती हमालाच्या पाठीवर अलगद देत होता. पाठमोरा असूनही मी ओळखलं. क्षणभर वाटलं, निघून जावं. पण त्यांनी वळून पाहिलंच.

"आवं भाऊ! लय दिसानी!"

त्यांनी हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं. केस पार पांढरे झाले होते. गिरणीची गाडी चालवतात, रोज घरी जाता येतं, बरं चाललंय, म्हणाले. शेठ गेल्याचं मी सांगितलं, तर हळहळले. मग विचारलं, "घर कसं हाय? गळत तर नाय ना कुठं?"

मी म्हटलं, नाही, चांगलं आहे. इतक्या वर्षांत जे बायकोलाही बोललो नव्हतो ते मी त्या बाकड्यावर बोललो. खिशातल्या कागदाचं सांगितलं. धाकट्या शेठने बोट ठेवलं तेव्हा मी गप्प बसलो ते सांगितलं. म्हटलं, "मामा, तुमची गाडी माझ्यामुळे गेली."

"ते मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "त्यानी मला तेच तर इचारलं. म्हनं, त्या दिशी साडेसहा तास कुठं व्हता?"

"मग मुहूर्ताची खेप होती म्हणून सांगायचं ना! इंजिन गरम झालं असं कशाला सांगितलंत? मला वाटलं, तुम्ही स्वतःला वाचवायला..."

मामांना खरंच नवल वाटलं असावं.

"गाडी गरम झाली म्हनल्यावर डायवर वाचतो व्हय, भाऊ? तो तर आनखी अडकतो, गाडी सांभाळली नाय म्हनून. मुहूर्त म्हनलो असतो तर मी वाचलो असतो. पर कोनाचा, ते इचारलं असतं ना त्यानी." त्यांनी बशीतला चहा संपवला. "तुमचं घर जोत्यावर व्हतं तवा. पहिली खेप मी टाकल्याली. ज्यानी पहिली टाकली, त्यानी घर उभं ऱ्हाईस्तोवर आडवं येऊ नये. आमच्यात तसंच हाय."

गिरणीतून कुणीतरी हाक मारली. ते उठले, चहावाल्याला हाताने खूण केली, मला पुढे होऊ दिलं नाही. गाडीत चढताना म्हणाले, "वहिनीस्नी सांगा, पिठलं अजून याद हाय."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. विल्होळी मागे पडलं, पाथर्डी फाटा आला, मी उतरलो. फाट्यापासून घरापर्यंत पंधरा मिनिटांची चाल आहे. त्या दिवशी किती लागली ते मी पाहिलं नाही.

बायकोने दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, काय झालं?

"घोटीत मामा भेटले," मी म्हटलं.

ती दारातच थांबली. मग बाजूला होऊन मला आत घेत म्हणाली, "मग? आता तरी बोलावलंत का त्यांना?"